नऊ अवतरणं आणि मापांची वही: श्रद्धांजलीच्या एका भाषणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घरातलं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. शेवटचे ११ आठवडे त्या अंथरुणावरच होत्या. मागे तीन मुलं. त्यांना मी इथे दादा, ताई आणि धाकटी असंच म्हणणार आहे. दादा दूर राहतो. तो शेवटच्या दिवशी सकाळी पोचला. ताई आईंजवळच राहायची, ते ११ आठवडे तिनं काढले. धाकटी नोकरी सांभाळून येऊन-जाऊन होती.

आठ दिवसांनी श्रद्धांजली सभा ठरली. घरच्यांच्या वतीनं एकानंच बोलायचं, आठ मिनिटं. धाकटीचं लिहिणं बरं, म्हणून काम तिच्याकडे आलं. माझा व्यवसाय मजकूर तपासण्याचा. जवळचं माणूस गेल्यावर चार शब्द बोलायचे असतात तेव्हा ओळखीतले लोक अधूनमधून कागद घेऊन येतात. धाकटी मला मावशी म्हणते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मसुदा घेऊन आली.

पहिला मसुदा

मसुदा ११५० शब्दांचा होता. मी तिला घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला सांगितलं. थांबत, आवंढा गिळत वाचताना ११ मिनिटांच्या वर गेलं. घरी ११ लागली तर माणसांपुढे उभं राहिल्यावर १३ लागतात, असा माझा अनुभव आहे.

मग मी दोन पेन्सिली घेतल्या. दुसऱ्यांच्या ओळी आणि त्या ओळींच्या प्रस्तावना लाल पेन्सिलीनं अधोरेखित केल्या, आईंबद्दलची वाक्यं निळीनं. लाल शब्द ४३० च्या आसपास भरले. अवतरणं होती नऊ: गीतेचे दोन श्लोक, तुकोबांच्या दोन ओळी, रामदासांच्या नावावर एक, भा. रा. तांबे, सुरेश भट, कवी यशवंतांची ‘स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी’ आणि फोनवर कुणीतरी पाठवलेला एक निनावी उतारा, ‘मृत्यू म्हणजे काहीच नाही’ अशा सुरुवातीचा.

निळ्या वाक्यांतही ‘आई प्रेमळ होती’, ‘आईनं खूप कष्ट केले’ अशी कुठल्याही आईला चालतील अशी बरीच होती. त्या चाळीस वर्षं घरी शिवणकाम करत होत्या. त्या चाळीस वर्षांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं: ‘आईने शिवणकाम करून आम्हा तिघांना वाढवलं.’

कागद तिच्यापुढे ठेवून मी विचारलं, “एवढ्या सगळ्यांना का बोलावलंस?”

ती म्हणाली, “मावशी, माझे शब्द आईला पुरत नाहीत हो.”

हे वाक्य मी समासात लिहून ठेवलं. श्रद्धांजलीत अवतरणांची गर्दी होते ती आळसानं नाही, विद्वत्ता दाखवायलाही क्वचितच. ती होते भीतीनं. आपली ओळ आपल्यालाच लहान वाटते. समोर भावकी बसलेली असणार, आवाज फुटणार, आणि शंभर जणांनी वापरलेली ओळ निदान चुकीची ठरणार नाही, असं वाटत असतं. या भीतीत थोडं तथ्यही आहे. पाठ असलेली ओळ गळा दाटला तरी तोंडातून बाहेर पडते, आणि आपण अडलो तर ऐकणारे ती पुरी करतात. नवं वाक्य मध्येच तुटलं तर त्याला सावरायला कुणी नसतं. म्हणून अवतरणं सरसकट काढून टाका असं मी कधी सांगत नाही.

अडचण

वरवर पाहता अडचण लांबीची होती. ती सोपी. खरी अडचण दुसऱ्या दिवशी फोनवर कळली.

दादानं ‘याचसाठी केला होता अट्टाहास । शेवटचा दिस गोड व्हावा’ ही ओळ हवीच असं सांगितलं होतं, तीही अगदी शेवटी. तो पोचला तेव्हा आई शांत झोपलेल्या होत्या. तासाभरानं त्यांनी डोळे उघडले, त्याचा हात धरला आणि दुपारी गेल्या. त्याच्यासाठी शेवटचा दिवस खरोखर गोड होता. ताईनं मसुद्यात ती ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. “मी दर दोन तासांनी तिची कूस बदलत होते. कसला गोड?” एवढंच बोलून ती आत गेली, असं धाकटीनं मला सांगितलं. दोघंही खरं बोलत होती, आणि भाषण तिघांच्या वतीनं होणार होतं.

तिसरी गोष्ट नावांची. रामदासांची म्हणून ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ ही ओळ तिनं ‘मनाच्या श्लोकांत म्हटलं आहे’ असं सांगून घेतली होती. मनाच्या श्लोकांतल्या आठव्या श्लोकात जी ओळ आहे ती ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी’ अशी. भाव तोच, शब्द वेगळे. सभेत कुणी उठून चूक काढत नाही हे खरं. पण आई गेलेल्या मुलीला नंतर कुणीतरी बाजूला घेऊन ‘ती ओळ तशी नाही बरं का’ म्हणावं, ही वेळ मला तिच्यावर येऊ द्यायची नव्हती.

पर्याय

तीन पर्याय पुढे होते. नऊच्या नऊ ठेवून प्रत्येकाची प्रस्तावना छाटायची. सगळी काढायची. किंवा एकेक ओळ पारखून एखाद-दुसरी ठेवायची. पहिल्यानं वेळ वाचला असता, आई मात्र आल्या नसत्या. दुसरा धाकटीला झेपला नसता. हातातली काठी काढून घेऊन चाल म्हणण्यासारखं झालं असतं ते. आम्ही तिसरा धरला आणि दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

प्रत्येक ओळ मूळ कवितेत नेऊन तिच्या पुढे-मागे काय आहे ते बघायचं आणि मग ती या बाईबद्दल, या माणसांसमोर खरी ठरते का ते विचारायचं, एवढीच रीत होती.

तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील, हाय हाय’ ही कविता मरणाचा विषय निघाला की हमखास आठवते. पण ती बोलते कुणाच्या तोंडून? जाणाऱ्याच्या. मी गेल्यावर काही अडणार नाही, सूर्य तळपतील, चंद्र झळकतील, तारे आपला क्रम चालू ठेवतील, असं तो म्हणतो. जाणाऱ्यानं हे म्हणण्यात मोठेपणा आहे. मुलीनं सभेत म्हटलं तर समोर रडणाऱ्या माणसांना ‘तुमचं दुःख पळभराचं आहे’ असं सांगितल्यासारखं होतं. भटांच्या गझलेतलं ‘मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते’ आजारपणामुळे तिला जवळचं वाटलं होतं. तीही जाणाऱ्याचीच वाणी. ज्यांच्या सोबत त्या बाई जगल्या ती माणसं पहिल्या रांगेत असणार, आणि त्या ओळीत त्यांच्यावरच ठपका येतो. मी हे म्हटल्यावर धाकटीनं स्वतःच त्यावर काट मारली.

यशवंतांची ओळ गाळायला तिला वाईट वाटलं. ती ओळ खोटी नाहीच. पण ती प्रत्येक आईला लागू आहे, आणि आपल्याला एकीबद्दल बोलायचं होतं.

निनावी उताऱ्याचा मी शोध घेतला, कारण तो मला ओळखीचा वाटला. हेन्री स्कॉट हॉलंड या धर्मोपदेशकानं मे १९१० मध्ये, इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारल्यानंतर, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दिलेल्या प्रवचनातला तो भाग आहे. आज तो जगभर कवितेसारखा फिरतो. मूळ प्रवचनात तो एकटा नाही. मरण म्हणजे घाला आहे, ते सगळं तोडून नेतं, ही भावना हॉलंड तिथे आधी पुरेपूर मांडतो. मग मृताच्या शांत चेहऱ्याकडे बघताना येणारी दुसरी भावना म्हणून ‘मृत्यू म्हणजे काहीच नाही’ हे शब्द येतात. आणि या दोन्हींचा मेळ कसा घालायचा हा त्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे आला तो सांत्वनाचा निम्मा भाग. मला वाटतं, ताईला हा उतारा का खुपला असता त्याचं उत्तर त्या वगळलेल्या निम्म्या भागात होतं. मरण म्हणजे काहीच नाही, हे ११ आठवडे उशाशी बसलेल्या बाईला कोण सांगणार?

गीतेचा ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’ हा श्लोक, दुसऱ्या अध्यायातला सत्ताविसावा, लोक पहिल्या अर्ध्यासाठी घेतात: जन्मलेल्याला मरण अटळ. त्याचा शेवट ‘न त्वं शोचितुमर्हसि’ असा आहे, तुला शोक करणं योग्य नाही. तो उपदेश अर्जुनाला, रणांगणावर केलेला. सभेत शोक करायलाच माणसं जमलेली असतात.

आता ज्या श्लोकापाशी मी स्वतः घसरले तो. ‘वासांसि जीर्णानि’, त्याच अध्यायातला बाविसावा. जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो तसा आत्मा जुनी शरीरं टाकून नवी घेतो. आई शिवणकाम करायच्या आणि श्लोक कपड्यांचा! मला वाटलं, ओळ सापडली. एवढा एक ठेव, याच्याभोवती भाषण बांधू, असं मी तिला सांगितलं. तिनं त्या रात्री नवा मसुदा लिहिलाही.

प्रत्यक्ष काय केलं

सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, कारण ताईला भेटल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटेना. धाकटीनं नवा मसुदा वाचला. श्लोक आला तशी ताई म्हणाली, “आईनं जुना कपडा टाकलाय कधी?”

खरंच होतं. त्या उसवायच्या. झग्याचा अभ्रा व्हायचा, अभ्र्याची पिशवी. शिवाय, धाकटीनं जरा उशिरानं कबूल केलं, आई पुनर्जन्म मानत नव्हत्या. एकदा गेलं की गेलं, असं म्हणायच्या. म्हणजे धंद्याशी जुळणारी उपमा त्यांच्या स्वभावाशीही जुळत नव्हती आणि श्रद्धेशीही. मला ती आवडली होती कारण ती चपखल दिसत होती. ऐकणाऱ्यांनाही आवडली असती. पण घरातली एक बाई मनात नाही म्हणत बसली असती.

मी श्लोकावर काट मारली आणि ताईला विचारलं, “आई स्वतः काय म्हणायच्या?”

“फार बोलायची नाही ती.” थोडा वेळ गेला. मग ती उठली आणि कपाटातून एक निळा स्कर्ट आणि एक लांबट वही घेऊन आली. स्कर्ट शाळेच्या गणवेशाचा, आधी ताईचा, मग धाकटीचा. तिनं खालची कड उलटी करून माझ्या हातात दिली. तीन समांतर रेषा होत्या, प्रत्येक रेषेवर उसवलेल्या तुरपाईची बारीक भोकं. दोन रेषांमधला पट्टा गडद निळा, बाकी सगळा कपडा विटून राखाडीकडे गेलेला. मुलगी वाढली की एक दुमड उसवायची आणि स्कर्ट बोटभर खाली यायचा.

वही मापांची होती. नाव, उंची, छाती, कंबर, आणि शेवटच्या रकान्यात ‘माया’. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिवणारे माया म्हणतात. बहुतेक नावांपुढे १. मधूनमधून २, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘वाढतं अंग’. आपल्या दोन्ही मुलींपुढे ३.

“बायका कुरकुर करायच्या,” ताई सांगू लागली, “कापड जास्त लागतंय म्हणून. मग ती म्हणायची, ‘माया आत असू दे. वरून दिसत नाही, पण वेळेला सापडते.’ प्रत्येकीला हेच.”

धाकटी म्हणाली, “अगं हो! हे तर ती रोज म्हणायची.” आणि रडायला लागली. तीन दिवस दुसऱ्यांच्या नऊ ओळी गोळा करताना हे तिच्या मनात आलं नव्हतं. रोज कानावर पडलेलं वाक्य अवतरण वाटतच नाही.

त्या रात्री तिनं भाषण नव्यानं लिहिलं. ते जवळजवळ आपोआप आलं, स्कर्टपासून सुरू होऊन. एका जागी मात्र आमची रस्सीखेच झाली. तिनं लिहिलं होतं:

‘माया म्हणजे शिवणीत ठेवलेलं जादा कापड. आई म्हणायची, माया आत असू दे. वरून दिसत नाही, पण वेळेला सापडते. माया म्हणजे प्रेमही. आईचं प्रेमही असंच होतं, वरून न दिसणारं, पण गरजेच्या वेळी धावून येणारं.’

शेवटची दोन वाक्यं काढ, असं मी म्हटलं. मराठी माणसाला माया या शब्दाचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. सांगितला की ऐकणाऱ्याचं काम आपण करून टाकतो आणि त्याच्या हातात काही उरत नाही. याउलट पहिला अर्थ, शिवणीतला, सांगायलाच हवा, कारण सगळे शिवणारे नसतात. तो ओळीच्या आधी सांगायचा, ओळ आली की गप्प राहायचं.

“लोकांना कळेल का पण?”

मी म्हटलं, दादाला वाचून दाखव. एकदा, फोनवर, काही न समजावता. तिनं वाचलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाला, “माझ्या शर्टांच्या बाह्यांतही असायची गं.” ती दोन वाक्यं गेली ती गेलीच.

राहिली तुकोबांची ओळ. इथे माझ्याकडून एक चूक झाली. धाकटीला न विचारता मी दादाला परस्पर फोन केला आणि त्याऐवजी ‘आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा रामराम घ्यावा’ घेऊ या का, ती कुणाला लागणार नाही, असं सुचवलं. तो शांतपणे म्हणाला, “मावशी, राग मानू नका, पण ती ओळ तुमची निवड झाली. मला जे वाटलं ते वेगळं आहे.” तो बरोबर होता. दोन ओळी एकाच संतांच्या असल्या म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

शेवटी मार्ग निघाला तो अभंग पूर्ण वाचल्यावर. तो मी तिघांना वाचून दाखवला, दादाला फोनवर. ‘आता निश्चिंतीने पावलो विसावा । खुंटलिया धावा तृष्णेचिया’ हा पुढचा चरण. शेवटी तुकोबा मुक्ती ही नवरी परणून आणतात आणि ‘आता दिवस चारी खेळीमेळी’ म्हणतात. म्हणजे गोड शेवट म्हणजे बिनवेदनेचं मरण, असं तिथे नाहीच. आयुष्यभर धरलेला ध्यास पुरा झाल्याचं ते समाधान आहे. ‘विसावा’ या शब्दाशी ताई थांबली. “विसावा चालेल,” ती म्हणाली. “गोड नको. निदान माझ्या नावानं नको.”

त्यातून ठरलं ते असं: तिघांच्या वतीनं होणाऱ्या भाषणात ती ओळ नसेल. भाषणानंतर दादा स्वतः उठून पूर्ण अभंग म्हणेल आणि आधी एका वाक्यात सांगेल की हा माझ्याकडून. ओळ ज्याला खरी वाटते त्यानं ती आपल्या तोंडानं म्हणायची. इतरांनी ऐकायचं.

सातव्या दिवशी रात्री शेवटचं वाचन झालं. ७९० शब्द, सात मिनिटं. ‘माया आत असू दे’ ही ओळ आम्ही कागदावर एकटीच, मोठ्या अक्षरांत, वर-खाली जागा सोडून छापली, म्हणजे डोळे भरले तरी सापडावी. दुसरी प्रत भाच्याच्या खिशात.

काय झालं

भाषणात पहिलं वाक्य होतं: ‘माझ्या शाळेच्या स्कर्टला तीन रेषा होत्या.’ कुणाला कुठे चाललंय ते कळलं नाही, आणि म्हणून सगळे ऐकू लागले. धाकटी नीट बोलत होती. त्या ओळीपाशी आल्यावर ‘वरून दिसत नाही’ एवढं म्हणून तिचा आवाज बंद झाला. भाचा उठायला निघाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला, “पण वेळेला सापडते.” मोठ्यानं नाही, पण मागच्यांनाही ऐकू गेलं. धाकटीनं श्वास घेतला आणि पुढे वाचलं.

पाठ असलेली ओळ ऐकणारे पुरी करतात, असं मी वर म्हटलं. माझ्या मनात तेव्हा संतांच्या ओळी होत्या.

दादानं अभंग म्हटला, चालीवर नाही, सावकाश. ताई त्या वेळी मान खाली घालून होती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, “त्याचं त्याच्यापाशी. त्यानं खोटं नाही सांगितलं.” सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. एका ज्येष्ठ नातलगांना गीतेचा श्लोक नसल्याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. धाकटीनं त्यांना आईच्या मतांबद्दल काही सांगितलं नाही, ते योग्य केलं. आणि सभेच्या निरोपावर रामदासांच्या नावाची ओळ आधीच सगळ्यांना गेली होती. ती दुरुस्त करत बसणं त्या दिवसांत कुणाला सुचलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

पुन्हा वेळ आली तर

मी अवतरणांपासून सुरुवात करणार नाही. मसुदा पुढे आला की तोच दुरुस्त करायची माझी सवय. तिच्यामुळे आमच्या दोन संध्याकाळी नऊ ओळी पारखण्यात गेल्या. पहिल्याच भेटीत ‘त्या काय म्हणायच्या, कुणाला म्हणायच्या, हातात तेव्हा काय असायचं’ हे विचारलं असतं तर श्लोकावर घसरण्याची वेळ आली नसती. ‘काय म्हणायच्या’ या नुसत्या प्रश्नाला लोक ‘काही विशेष नाही’ म्हणतात. हातातली वस्तू आठवली की तिच्याबरोबरचं वाक्य आठवतं.

खाजगी कागदातून ओळ घेताना जास्त जपायला हवं. आदल्या रात्रीच्या मसुद्यात एका मुलीचं नाव आणि तिची मापं जशीच्या तशी आली होती, कारण ‘वाढतं अंग’ हे शब्द तिच्यापुढे सुंदर अक्षरात होते. ती मुलगी आता मोठी बाई आहे आणि सभेला येणार होती. अगदी शेवटच्या वाचनात ते माझ्या लक्षात आलं. नाव आणि आकडे काढून फक्त माया ठेवली. गेलेल्या माणसाच्या वहीत इतर जिवंत माणसं असतात, हे आधीच ध्यानात यायला हवं होतं.

दादाला फोन करण्याआधी धाकटीला विचारलं पाहिजे होतं. घरातल्या वादात बाहेरच्यानं तडजोडीची ओळ सुचवू नये. मूळ मजकूर पूर्ण वाचून दाखवावा आणि गप्प बसावं. उपयोग झाला तो त्याचाच.

आणि ताई. भाषण कोण करणार हे ठरताना ‘लिहिणं बरं कुणाचं’ एवढंच पाहिलं गेलं. तिला बोलायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. सहाव्या दिवशी घरी जाऊनही मी विचारलं नाही. सभेनंतर दोनेक आठवड्यांनी तिनं मला घडी घातलेले काही कागद दाखवले. त्या ११ आठवड्यांत आई जे जे बोलल्या ते तिनं तारखांसकट टिपून ठेवलं होतं. ‘खिडकी उघड.’ ‘तू झोपलीस का थोडी?’ ‘दिवा राहू दे.’ शेवटच्या आठवड्यात नोंदी कमी होत गेल्या होत्या, एका दिवशी एक, मग दोन दिवसांत एक. सगळ्यात खालची होती: ‘सुईत दोरा ओवून ठेव.’